कुंडलरोडच्या माळावरची माणसे

मार्च १९१० मध्ये पुणे-मिरज लोहमार्गावरील कुंडलरोड या लहानशा स्थानकाजवळ जो माळ होता, त्यावर निवडुंगाखेरीज फारसे काही उगवत नव्हते. साप-विंचवांची वस्ती, पाण्याचे दुर्भिक्ष आणि जवळपास बाजारपेठेचे गाव नाही, अशी ती औंध संस्थानातील बत्तीस एकर जमीन होती. बेळगावहून आपला लहानसा कारखाना मोडून निघालेले लक्ष्मणराव काशिनाथ किर्लोस्कर यांनी हीच जागा पसंत केली, कारण तिच्याजवळून आगगाडी जात होती. त्या वेळी त्यांचे वय चाळीस होते. त्यांच्याजवळ भांडवल म्हणण्यासारखे काही नव्हते. औंधच्या राजांनी दिलेले दहा हजार रुपयांचे बिनव्याजी कर्ज हाच मोठा आधार. पदवी नव्हती. ज्या मालावर त्यांचा भरवसा होता तो लोखंडी नांगर घ्यायला शेतकरी नुकता कोठे तयार होऊ लागला होता. अशा स्थितीत सुमारे पंचवीस कामगार आपापली कुटुंबे घेऊन बेळगावसारखे हवेशीर, सोयीचे शहर सोडतात आणि या माणसापाठोपाठ उजाड माळावर राहावयास येतात, ही गोष्ट वाटते तितकी साधी नाही. नोकरीसाठी माणसे गाव सोडतातच. पण नोकरी देणाराच जेथे बेघर झालेला आहे तेथे त्याच्यामागे जाण्यात पगाराचा हिशेब पुरेसा पडत नाही.

किर्लोस्करवाडीची हकिकत महाराष्ट्रात पुष्कळदा सांगितली गेली आहे. तिच्यातील नांगर, पंप आणि इंजिने यांचे कौतुक झाले, ते योग्यच होते. परंतु त्या वाडीचा खरा विशेष तेथे कोणते यंत्र तयार झाले यापेक्षा ते कोणत्या माणसांकडून आणि कशा वातावरणात करवून घेतले गेले, यात आहे. लक्ष्मणरावांना माणसे कशी सापडली आणि सापडलेली माणसे त्यांच्यापाशी कशी टिकली, याचे उत्तर शोधावयाचे तर त्यांच्या पूर्वायुष्याकडे वळावे लागते.

लक्ष्मणरावांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर येथे झाला. मराठी संगीत रंगभूमीचे प्रवर्तक अण्णासाहेब किर्लोस्कर यांचेही गाव हेच. एकाने नाटकमंडळी उभारली, दुसऱ्याने कारखाना. आणि एका लहान खेड्याच्या नावावर या दोन्ही गोष्टी जमा असाव्यात, हा योगायोग मोठा गमतीचा आहे. लक्ष्मणरावांचे वडील काशिनाथपंत वेदान्ताचे व्यासंगी. मुलाला मात्र पाठांतराची गोडी नव्हती. त्याचे मन चित्रांत आणि यंत्रांत रमे. त्या काळच्या ब्राह्मण कुटुंबात मुलाच्या बाबतीत याहून चिंताजनक लक्षण क्वचितच दुसरे मानले गेले असेल. शिकून सरकारी नोकरी धरावी, नाही तर वैद्यकी अथवा वकिली करावी, ही ठरलेली वाट. हातात हातोडी धरणे हे काम इतरांचे. वडील बंधू रामूअण्णा यांनी भावाचा ओढा ओळखला आणि त्याच्या पाठीशी ते उभे राहिले. पुढच्या साऱ्या उभारणीत हे रामूअण्णा दिसत राहतात, आणि त्यांच्याविषयी जितके लिहिले जावयास हवे होते तितके लिहिले गेलेले नाही.

१८८५ साली लक्ष्मणराव मुंबईस येऊन जे. जे. कलाशाळेत दाखल झाले. दोन वर्षे शिकल्यावर असे आढळून आले की, त्यांना काही रंगांतील भेद नीट ओळखता येत नाही. चित्रकार होऊ पाहणाऱ्या तरुणाला याहून मोठा आघात कोणता? ब्रश खाली ठेवून त्यांनी यांत्रिक रेखनाचा मार्ग धरला, कारण तेथे रंगाचे काम नव्हते, रेषेचे होते. या शिक्षणाच्या बळावर त्यांना मुंबईच्या व्हिक्टोरिया जुबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये यांत्रिक रेखन शिकविण्याची जागा मिळाली. शिकवीत असतानाच संस्थेच्या कर्मशाळेतील यंत्रांशी त्यांनी जवळीक केली. मुंबईत सायकली नव्याने दिसू लागल्या होत्या. लक्ष्मणरावांनी त्या खरेदी करून बेळगावला रामूअण्णांकडे पाठवावयास प्रारंभ केला. एका सायकलीची किंमत सातशे ते हजार रुपये असे आणि ती चालविण्यास शिकविण्याचे पंधरा रुपये रामूअण्णा वेगळे घेत. १८८८ मध्ये बेळगावात सुरू झालेले हे सायकलींचे दुकान म्हणजे पुढच्या उद्योगसमूहाचे बीज होय.

शिक्षकाच्या नोकरीचा शेवट मात्र कडू झाला. बढतीची संधी आली तेव्हा लक्ष्मणरावांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा देण्यात आली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि ते बेळगावला परतले. अर्ज-विनंत्या करीत खुर्चीवर टिकून राहणारे त्या काळीही पुष्कळ होते आणि ज्यांना कचेरीचा अनुभव आहे त्यांना हे सांगण्याचे कारण नाही की, अशा प्रसंगी बहुतेक माणसे गप्प राहून मनातल्या मनात कामातून निघून जातात. देह खुर्चीवर असतो, मन नसते. लक्ष्मणरावांनी देहही उचलला. ज्याची पारख जन्मावरून व कातडीच्या रंगावरून एकदा झाली होती, त्याने पुढे आपल्या कारखान्यात माणसाची पारख करताना या दोन्ही कसोट्या बाजूला ठेवल्या. हे दोन प्रसंग एकमेकांशी जोडलेले आहेत, असे मानण्यास पुरेसा आधार त्यांच्या पुढच्या वर्तनात आहे.

बेळगावात त्यांनी लहानशी कर्मशाळा थाटली. कडबा कापण्याचे यंत्र हा आरंभीचा माल; त्यानंतर १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर. आज नांगरात एवढे विशेष काय, असे वाटेल. त्या काळच्या लाकडी नांगराने जमिनीत चर पडे, पण माती उलटी होत नसे. दख्खनच्या काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोलवर जातात. ती उपसून उन्हात उताणी पाडायची तर वळणदार पत्र्याचा, खोल जाणारा लोखंडी नांगरच हवा. पण तो जड असे, ओढण्यास बैलांच्या अनेक जोड्या लागत, आणि मुख्य म्हणजे लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होईल, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. नांगर तयार होऊन पडून राहिले. पहिला नांगर विकला जाण्यास दोन वर्षे लागली.

ही दोन वर्षे महत्त्वाची होत. शेतकरी अडाणी आहे, त्याला कळत नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. सुशिक्षितांनी शेतकऱ्याविषयी नेहमी तेच केले आहे. वास्तविक शेतकऱ्याची सावधगिरी अगदीच निराधार नव्हती. एका हंगामाचा प्रयोग फसला तर कारखानदाराचा एक नांगर जातो, शेतकऱ्याचे वर्ष जाते. लक्ष्मणरावांनी घाई केली नाही. शेतात जाऊन नांगर चालवून दाखविणे आणि मालात सुधारणा करीत राहणे हे काम नेटाने चालू राहिले. कारखान्यातील माणसांनी हे पाहिले. माल खपत नाही म्हणून मालक कामगारांवर चिडत नाही आणि गिऱ्हाइकालाही नावे ठेवीत नाही. तो पुन्हा साच्यापाशी जातो, हा धडा त्यांना उपदेशाशिवाय मिळाला.

नांगर खपू लागला, आता जम बसेल असे वाटू लागले, तोच बेळगावच्या नगरपालिकेने नव्या वसाहतीसाठी कारखान्याची जागा घ्यावयाचे ठरविले. लक्ष्मणराव पुन्हा उघड्यावर आले. पुढे याच बेळगावने एका रस्त्याला किर्लोस्करांचे नाव दिले, हा भाग निराळा. औंध येथे एका बांधकामाच्या निमित्ताने तेथील अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांच्याशी त्यांचा संबंध आलेला होता. बाळासाहेब हे १९०९ मध्ये गादीवर आलेले, स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे प्रसारक म्हणून ओळखले जाणारे राजे. रंग न ओळखणारा रेखनकार आणि चित्रे काढणारा राजा यांची मैत्री जमली. राजांनी हवी ती जागा निवडण्यास सांगितले, कर्ज दिले आणि कारखान्याच्या कारभारात हात घातला नाही. हे शेवटचे सर्वांत दुर्मीळ. उदार आश्रयदाते इतिहासात पुष्कळ सापडतात. पैसे देऊन दूर राहणारे थोडे.

आता त्या माळावरच्या माणसांकडे यावे. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी व व्यवस्था आली: घरे, पाणी, रस्ते, शाळा. शंभूराव जांभेकर यंत्रांचे जाणकार. ज्याला हात लावतील ते चालू करणारे. के. के. कुलकर्णी गावोगाव हिंडून माल खपवीत आणि अडल्या वेळी कोणतेही काम अंगावर घेत. मंगेशराव रेगे हिशेब व पत्रव्यवहार सांभाळीत. अनंतराव फळणीकर हे अभियांत्रिकीचे शिक्षण अर्धवट सोडून आलेले तरुण. नवी कल्पना सुचणे हीच त्यांची मोठी शिदोरी. या नावांत एकही असे नाही की ज्याच्या प्रशस्तिपत्रांकडे पाहून एखाद्या मोठ्या कंपनीने त्याला मानाने बोलावून घेतले असते. शिक्षण अर्धे टाकलेला, नोकरीत न रमलेला, घरच्यांनी वाया गेला असे ठरविलेला माणूस लक्ष्मणरावांना अडचणीचा वाटत नसे. त्यांचा स्वतःचा वृत्तांत तरी याहून काय निराळा होता? प्रत्येकाला त्याच्या वृत्तीचे काम द्यावयाचे आणि दिल्यावर त्याच्या खांद्यावरून डोकावावयाचे नाही, ही त्यांची रीत होती. आजूबाजूच्या खेड्यांतील शेतकऱ्यांची मुले कारखान्यात आली. ज्यांनी कधी स्क्रू पाहिला नव्हता त्यांना ओतकामाचे साचे बांधण्यास, लेथ चालविण्यास, मोजमाप घेण्यास येथे शिकविण्यात आले. शिकविणारा जुना शिक्षकच होता. फळ्याऐवजी त्याच्यासमोर यंत्र होते, एवढाच फरक.

आणि दोन पहारेकरी. तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग ही ती नावे. दोघांच्याही नावावर गुन्ह्यांची नोंद होती. ज्या जमातींना इंग्रज सरकारने जन्मतःच गुन्हेगार ठरवून दप्तरात नोंदविले आणि ज्यांना गावाने वेशीबाहेर ठेवले, त्यांच्यातील ही माणसे. लक्ष्मणरावांनी त्यांच्या हाती रात्रीच्या वेळी वाडीची राखण सोपविली. कोणत्याही शहाण्या व्यवहारी माणसाने याला वेडेपणाच म्हटले असते. दोघेही विश्वासास पात्र ठरले. या गोष्टीकडे केवळ भूतदया म्हणून पाहणे चुकीचे होईल. दया दाखवावयाची तर त्यांना झाडलोटीचे काम देऊन, वर नजर ठेवूनही दाखविता आली असती. लक्ष्मणरावांनी त्यांना नेमके तेच काम दिले की, ज्यात त्यांच्यावर विश्वास ठेवल्याशिवाय गत्यंतर नव्हते. याच औंध संस्थानात १९३९ मध्ये आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची मुक्त वसाहत सुरू झाली आणि तिच्या प्रेरणेने पुढे 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट निघाला, हे अनेकांना ठाऊक आहे. कुंडलरोडच्या माळावर तसाच एक प्रयोग त्याच्या कितीतरी आधी, कोणतेही नाव न देता, होऊन गेला होता.

वाडीत अस्पृश्यता पाळली जाणार नाही, असा लक्ष्मणरावांचा दंडक होता. सार्वजनिक सभेत असा ठराव करणे आणि ज्या विहिरीचे पाणी सर्वांच्या घरी जाते तेथे तो अमलात आणणे, यांत अंतर आहे. विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात दक्षिण महाराष्ट्रातील खेड्यांत हा नियम लावणे म्हणजे आपल्याच कारागिरांचा व त्यांच्या घरच्या मंडळींचा रोष ओढवून घेणे होते. परंतु ओतशाळेत तापलेला रस साच्यात ओतताना दोन बाजूंना दोन माणसे लागतात; एकाने दुसऱ्याची जात विचारीत थांबून चालत नाही. कामानेच जो विचार शिकविला तो वस्तीतही लागू करावा, एवढे तर्कशुद्ध धैर्य मालकापाशी होते.

या वाडीचे वेगळेपण ध्यानात येण्यासाठी त्या काळच्या मुंबईकडे पाहावे. तेथील कापड गिरण्यांत कामगाराची भरती जॉबरच्या हाती होती. त्याला दस्तुरी दिल्याखेरीज काम मिळत नसे आणि मिळालेले टिकत नसे. चुकीला दंड, उशिराला दंड. आठवड्याची रविवारची सुट्टीदेखील नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीनंतर, १८९० साली मिळाली. १९११ च्या कारखाना कायद्याने गिरण्यांतील प्रौढ पुरुष कामगाराचा दिवस बारा तासांवर आणला, तेव्हा तीदेखील मोठी सुधारणा समजली गेली. ज्या वर्षी हा कायदा होत होता त्याच सुमारास कुंडलरोडला शाळेची, दवाखान्याची, फुलझाडांची आखणी चालली होती. जमशेदपूरची वसाहत नुकती उभी राहू लागली होती. तिच्यामागे टाटांचे प्रचंड भांडवल होते. येथे भांडवल नांगरांच्या विक्रीतून यावयाचे होते. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांनी पुढे आपल्या इंग्रजी आत्मचरित्राला 'कॅक्टस अँड रोझेस' असे नाव दिले. वाडीतला निवडुंग आणि तेथे लावलेले गुलाब ज्यांनी पाहिले त्यांना ते नाव समजावून सांगण्याची गरज भासली नाही.

पहिल्या महायुद्धाने या साऱ्याची कसोटी घेतली. परदेशी माल येईनासा झाला म्हणून देशी नांगराला मागणी वाढली, आणि त्याच कारणाने लोखंड, कोळसा, रंग हे सामानही मिळेनासे झाले. गिऱ्हाईक दारात आणि कच्चा माल नाही, अशा वेळी जे मिळेल त्यावर भागवीत, नवनव्या युक्त्या काढीत कारखाना चालू ठेवला गेला. १९२० मध्ये किर्लोस्कर ब्रदर्स ही मर्यादित कंपनी झाली. त्यानंतर उसाचे चरक, शेंगा फोडण्याची यंत्रे, हातपंप, यंत्रावर चालणारे पंप अशी मालाची यादी वाढत गेली. तिसऱ्या दशकाच्या अखेरीस जगभर मंदी आली तेव्हा शेतकऱ्याच्या हाती पैसा उरला नाही. त्या काळात लोखंडी फर्निचरसारखा माल काढून वाडीने आपल्या माणसांच्या हाताला काम पुरविले. या तपशिलात फार शिरण्याचे कारण नाही.

१९२० सालचीच दुसरी एक घटना मात्र थांबून पाहण्यासारखी आहे. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे पत्र सुरू केले. उद्देश साधा होता: कारखान्याची आणि मालाची माहिती गिऱ्हाइकांना व विक्रेत्यांना मिळावी. शंकरराव मूळचे चित्रकार. त्यांच्या हाती या पत्राचे मराठीतील एक अग्रगण्य मासिक झाले, १९३० मध्ये त्याला 'स्त्री'ची आणि १९३४ मध्ये 'मनोहर'ची जोड मिळाली. विज्ञाननिष्ठा, जातिभेदाचा निषेध, स्त्रियांचे प्रश्न यांवर महाराष्ट्राच्या मध्यमवर्गाला विचार करावयास लावणारी ही मासिके, जेथे पंप आणि नांगर होत त्या खेड्यातून निघत होती. नांगराच्या कारखानदाराने आपल्या पुतण्याला जाहिरातीच्या पत्रकापुरतेच थांबावयास सांगितले असते तर ते व्यवहाराला धरूनच झाले असते. अशा मासिकातील लेखांनी जुन्या वळणाची गिऱ्हाइके नाराज होण्याचा संभव होता. तरीही शंकररावांचे हात बांधले गेले नाहीत. जांभेकरांना यंत्रांच्या बाबतीत जी मोकळीक होती तीच शंकररावांना शब्दांच्या बाबतीत मिळाली.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. त्याला बगल देऊन लक्ष्मणरावांचे चरित्र सांगणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. वाडीत घर मालकाचे, पाणी मालकाचे, शाळा मालकाची आणि नोकरीही मालकाची. ज्याला हे वातावरण मानवले त्याला स्वर्ग. ज्याचे मालकाशी बिनसले त्याने एकाच दिवशी काम आणि छप्पर दोन्ही गमावायचे. वडिलकीच्या या नात्यात प्रेम असते, पण हक्क नसतो. प्रेम करणारा वडील गेला की मुलांच्या हाती काय राहते? मुंबईच्या गिरणी कामगारांनी १९२८ साली सहा महिने संप करून जे मागितले ते कोणाचे वात्सल्य नव्हते. भारतात कामगार संघटनेला १९२६ च्या कायद्याने मान्यता मिळाली आणि त्यानंतर मालक-कामगार संबंधांची भाषाच बदलली. लक्ष्मणरावांची पद्धत या नव्या भाषेत पूर्णपणे बसत नाही.

हा आक्षेप खरा आहे आणि तो खोडून काढता येत नाही. त्याबरोबर एवढे मात्र नोंदविले पाहिजे की, ज्या वडिलकीने माणसे लहान राहतात ती निराळी आणि ज्या वडिलकीत ती मोठी होतात ती निराळी. लक्ष्मणरावांच्या हाताखालच्या खेडूत मुलाला लेथ येऊ लागला की तो दुसऱ्या कोणत्याही कारखान्यात पोट भरू शकत होता. कसब त्याचे स्वतःचे झाले होते. ते मालकाला परत मागता येत नव्हते. तुकाराम रामोश्याला मिळालेली पतही तशीच. हक्क कायद्याने मिळतो, तो मिळालाच पाहिजे. पण आपण विश्वासास पात्र आहोत ही जाणीव कोणत्याही कायद्याच्या कलमात लिहून देता येत नाही. कायद्याने सारे हक्क मिळालेल्या किती कचेऱ्यांत, किती शाळांत आज वरिष्ठ आपल्या हाताखालच्याला साधे पत्र स्वतःच्या बुद्धीने लिहू देतो, हा प्रश्न विचारून पाहण्यासारखा आहे. हजेरीपटावर सही करणारा माणूस आणि काम आपले मानणारा माणूस यांत पगाराचा फरक नसतो.

वाडीवरील सर्वांत कठीण प्रसंग मात्र मालक-कामगार संबंधांतून आला नाही. ३० जानेवारी १९४८ रोजी महात्मा गांधींची हत्या झाली. मारेकरी ब्राह्मण होता, म्हणून पश्चिम महाराष्ट्रात ब्राह्मणांच्या घरांवर व मालमत्तेवर जमाव चालून गेले. त्या वणव्यातून किर्लोस्करवाडी सुटली नाही. कारखान्याला आग लावण्यात आली. ज्या माणसाने जात बाजूला ठेवून वस्ती उभारली त्याचा कारखाना जातीच्या नावाने जळावा, यातील विपर्यास सांगावा लागत नाही. लक्ष्मणराव तेव्हा ७८ वर्षांचे होते. वाडीच्या आत जे घडविता आले ते वाडीच्या कुंपणाबाहेर पोहोचले नव्हते, हेही या आगीने दाखविले, आणि याचा दोष एकट्या कारखानदाराच्या माथी मारता येणार नाही. यंत्रे पुन्हा उभी राहिली, ओतशाळा पुन्हा पेटली. ज्यांच्या हातांना काम येत होते ते हात वाडीत होतेच.

तोपर्यंत उद्योगाचा पसारा वाडीबाहेर गेलेला होता. म्हैसूर संस्थानात हरिहर येथे यंत्रे बनविणारी यंत्रे तयार होऊ लागली होती. १९४६ मध्ये पुण्यास तेलावर चालणारी इंजिने आणि बंगळूरला विजेच्या मोटारी यांचे कारखाने निघाले. या वाढीचे सूत्रचालक शंतनुराव. ते अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्सच्या तंत्रसंस्थेचे १९२६ सालचे पदवीधर होते आणि त्यांचा आवाका मोठा होता. मोठ्या शहरातील कामगार मालकाच्या वस्तीत राहत नाही, त्याची संघटना असते, संध्याकाळी तो आपल्या गल्लीत परत जातो. तेथे वाडीचा कित्ता जसाच्या तसा गिरविणे शक्य नव्हते, आणि तसा हट्टही कोणी धरला नाही. उतारवयात लक्ष्मणरावांनी सूत्रे पुढच्या पिढीच्या हाती दिली. ज्याने आपल्या माणसांच्या खांद्यावरून डोकावणे टाळले होते, त्याने मुलाच्या बाबतीतही ते टाळले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी पुण्यात लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ मध्ये त्यांच्या जन्मशताब्दीनिमित्त भारत सरकारने त्यांचे चित्र असलेले टपाल तिकीट काढले. कुंडलरोड हे नाव आता वेळापत्रकातून गेले आहे. त्या स्थानकाला किर्लोस्करवाडी म्हणतात. सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात, त्याच माळावर, पंपांचा कारखाना चालू आहे.